आमच्या सुपरग्रुपचा कर्कश अल्बम

सुपरग्रुप हा शब्द मला मोबाइलवर सापडला. ज्या बँडमधला प्रत्येक जण आधीच दुसऱ्या कुठल्या तरी बँडमध्ये गाजलेला असतो, त्याला सुपरग्रुप म्हणतात. ते वाचलं आणि सिल्वासात आम्ही चौघं दर रविवारी जे करत होतो त्याला जगात काही नाव आहे एवढं तरी समजलं. गाजलेपणाची व्याख्या मात्र जरा सैल करून घ्यावी लागली.

मी गाजलो होतो तो आमच्या धाग्याच्या कारखान्याच्या वार्षिक दिनाला. इथल्या कारखान्यांत वर्षातून एकदा मांडव पडतो, मालकांच्या घरचे पुढच्या सोफ्यावर बसतात आणि कामगारांच्या ऑर्केस्ट्रानं जुनी हिंदी गाणी वाजवायची असतात. त्यात गिटार माझी. एका वर्षी मालकांच्या आईंनी माझ्या वाजवण्यावर मान डोलावली, म्हणून मी महिनाभर भाव खाल्ला. त्यांना डुलकी लागली होती हे मला फार नंतर कळलं.

आमचा ड्रमर माझ्याच कारखान्यातला, यंत्रावरचा ऑपरेटर, जळगाव जिल्ह्यातून आलेला. गणपतीत त्याचा ढोल ऐकून लोक खिडक्या लावून घ्यायचे, आणि याला तो दाद समजायचा. बेसवाला धुळ्याकडचा, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात दिवसभर प्रेसवर पत्रा ठोकणारा. त्यांच्या ऑर्केस्ट्रातला तोच एक जण सुरात असायचा, असं तो स्वतः सांगायचा. गायक सरकारी कचेरीतला, मूळचा रत्नागिरीचा. कर्मचाऱ्यांच्या स्नेहसंमेलनात नाट्यगीतं म्हणायचा आणि वरिष्ठ उठून जाईपर्यंत थांबायचा नाही. त्याला आम्ही साहेब म्हणायचो, आणि तोही कधी नको म्हणाला नाही.

हार्ड रॉक आम्ही का निवडलं याची उत्तरं आम्ही पुढे मुलाखतींत बरीच दिली. औद्योगिक जीवनाचा आक्रोश वगैरे. खरं कारण असं की आम्हाला हळू वाजवता येत नव्हतं. कीबोर्डवाला मिळाला नाही, तबलजीनं एक रविवार येऊन कानाला हात लावला, आणि उरलेल्यांना जो आवाज जमत होता त्याला मोबाइलवर शोधून पाहिलं तर हार्ड रॉक निघालं.

आता लोक आमच्या त्या पहिल्या अल्बमच्या प्रभावाबद्दल बोलतात. हसू नका, खरंच बोलतात. मला मात्र तो अल्बम म्हटलं की ड्रमरचे कान आठवतात. ते वाचवता आले असते. ते वाचवायच्या वेळी मी काय केलं, ते सांगायला मी बसलो आहे, आणि थोडी टवाळी केल्याशिवाय मला ते सांगता येणार नाही.

आमच्या कारखान्यात पॉलिस्टरच्या धाग्याला पीळ देणारी यंत्रं आहेत, एका लांबलचक हॉलमध्ये ओळीनं. सगळी एकदम चालतात. तिथं शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त तुमचा श्वास लागतो. म्हणून हॉलची एक भाषा तयार झालेली आहे. भुवई उडवली की बॉबिन बदल. दोन बोटं गालाला लावली की सुपरवायझर येतोय. मान एकदा खाली म्हणजे आता, आत्ता, लगेच. मी अकरा वर्षं त्या हॉलमध्ये काढली आणि मग क्वालिटीच्या लॅबमध्ये आलो. तिथं एसी आहे, दार बंद होतं आणि माणसं एकमेकांशी तोंडानं बोलतात. ड्रमर हॉलमध्येच राहिला. त्याला तेच आवडायचं.

बँडमध्ये आम्ही हीच भाषा आणली. गाणं सुरू करताना इतर लोक एक-दोन-तीन मोजतात म्हणे. आमच्या ड्रमरला मोजलेलं ऐकू जायचं नाही, म्हणून मी मान खाली करायचो आणि तो काठी हाणायचा. थांबायचं असेल तरी मान, वेग बदलायचा असेल तरी मान. बेसवाल्याला पत्र्याच्या प्रेसची अशीच सवय होती, तोही बघूनच वाजवायचा. आम्ही तिघं असे एकजीव वाजायचो की कुणाला वाटावं दहा वर्षांचा सराव आहे. राहिला साहेब. त्याच्या कचेरीत अशी भाषा नव्हती, तिथं मान हलवली तरी कुणी काही करत नाही. तो प्रत्येक ओळ अर्धी मात्रा उशिरा उचलायचा.

सरावाची जागा सिल्वासाजवळच, अथालला होती. लग्नाच्या शूटिंगचं दुकान असलेल्या एका गुजराती भाईच्या दुकानामागं गोदाम होतं. पुढं नवरानवरीच्या अल्बमला सोनेरी कोपरे चिकटवायचं काम चालायचं आणि मागं आम्ही. त्याच भाईकडं कॉम्प्युटर होता, त्याच भाईनं आमचं रेकॉर्डिंग केलं. आठ गाणी. शब्द साहेबाचे. बेसवाल्याचं म्हणणं होतं की गाण्यात ओव्हरटाइम यावा, कँटीनची डाळ यावी, गेटवर झडती घेणारा वॉचमन यावा. साहेबानं नाक मुरडलं आणि रणांगण, ज्वाला, रुधिर असले शब्द घातले. आयुष्यात त्यानं सगळ्यात जास्त रक्त पाहिलं असेल ते दाढी करताना.

ड्रमरच्या झांजांना बुडाशी लावायच्या गाद्या मिळत नव्हत्या. त्यानं तोडगा काढला. हॉलमध्ये कामगारांना कानात घालायला स्पंजचे पिवळे बोळे देतात, ते त्यानं खिशातून काढले आणि झांजांखाली चपखल बसवले. ते कानात घातले की खाज येते, असं त्याचं म्हणणं. "कानापेक्षा इथं बरे बसले, भो," तो म्हणाला, आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मी जरा जास्तच हसलो.

मग आवाज जुळवायची वेळ आली. भाईनं कॉम्प्युटरवर पट्ट्या सरकवून पहिलं गाणं ऐकवलं. ड्रमर म्हणाला, झांज कुठंय? बेसवाला म्हणाला, झांज नाहीच. मलाही ती लांबून कुठून तरी आल्यासारखी वाटली. भाईनं झांज वाढवली. ड्रमर म्हणाला, अजून. गिटारचा वरचा सूर? अजून. साहेबाच्या आवाजातला तो स चा फवारा? तो तर आम्हाला ऐकूच येत नव्हता, तोही वाढवला. भाई कानाला हात लावून म्हणाला, "अरे भाई, कान फाटी जशे." साहेब खुर्चीतून उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

"अहो, हे कर्कश होतंय," तो म्हणाला. "माझ्या दाढा शिवशिवताहेत."

"साहेब, तुमचं नाट्यसंगीत नाही हे," मी म्हणालो. "हे रॉक आहे."

आम्ही मतदान घेतलं. तीन विरुद्ध एक. लोकशाहीचा एवढा शुद्ध नमुना मी नंतर पाहिला नाही: तीन अर्धबहिऱ्या माणसांनी एका धडधाकट कानाच्या माणसाचा रीतसर पराभव केला आणि वर त्याला तुला संगीतातलं कळत नाही असं सुनावलं. भाई तर ग्राहकाला नाही म्हणत नसे, नवरदेवाला गोरा करून देण्यात त्याची हयात गेली होती. अल्बम तसाच कायम झाला.

मुखपृष्ठाच्या फोटोसाठी आम्ही खानवेलला गेलो. उन्हाळ्यात, काळ्या रेक्झीनच्या जाकिटांत, एसटीसारख्या भरलेल्या बसनं. जंगलाच्या कडेला रागीट चेहरे करून उभे होतो तर मोळी घेऊन निघालेली एक बाई थांबली आणि तुम्ही फॉरेस्टवाले का, म्हणून विचारू लागली. बेसवाल्यानं रागीट चेहऱ्यानंच नाही म्हटलं. मग ती निवांत बसून आमचा फोटो होईपर्यंत बघत राहिली. साहेबाला पुढं दुधनीला जाऊन होडीत उभा राहून आणखी एक फोटो हवा होता, पण जाकिटात घामाचं तळं झालेलं असताना पाण्यात जायची कुणाला हौस नव्हती.

अल्बम इंटरनेटवर चढवला आणि आम्ही जगाच्या प्रतिक्रियेची वाट पाहू लागलो. पहिली प्रतिक्रिया माझ्या बायकोची. तिनं पहिल्या गाण्याला स्वयंपाकघरातून येऊन कुकर तर फुटला नाही ना, असं विचारलं. पहिला जाहीर कार्यक्रम खानवेल रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या बागेत झाला. शनिवारी दारूबंदीच्या गुजरातेतून आपल्याकडं गाड्या भरून जे लोक येतात ते कशासाठी येतात हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्यासाठी ते आले नव्हते, पण दुसऱ्या ग्लासानंतर त्यांना आम्ही आवडू लागलो.

मग ते प्रभावाचं सुरू झालं. वापीच्या कॉलेजातल्या पोरांचा एक बँड होता, त्यांनी आमचं गाणं वाजवून इंटरनेटवर टाकलं. कुणीतरी मोठा लेख लिहिला. त्यात आमच्या टोचणाऱ्या आवाजाचं कौतुक होतं, कारखान्यांच्या पट्ट्यातला संताप आम्ही सुरांच्या धारेवर आणला असं काहीसं म्हटलं होतं, आणि साहेबाच्या उशिरा येण्यात लेखकाला श्रमिकाचा थकवा दिसला होता. साहेबानं तो लेख छापून घेऊन कचेरीत टेबलाच्या काचेखाली ठेवला. त्यानंतर तो आणखी उशिरा गाऊ लागला.

पुढच्या सहा-आठ महिन्यांत दमणपासून वापीपर्यंत जो कुणी गिटार हातात घेई तो वरचे सूर टोकाला नेऊन ठेवी. वापीची ती पोरं एकदा अथालला भेटायला आली. पाया पडली. त्यांच्यातला गिटारवाला मला म्हणाला, "सर, हा शार्प साउंड तुम्ही कसा काढला? आम्ही तर सगळं फुल केलं, तरी तुमच्यासारखा नाही येत." मी त्याला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की त्याला साधना लागते. खरं तर त्याला अकरा वर्षं पीळयंत्रांच्या हॉलमध्ये उभं राहावं लागतं. माणसाचे कान जातात तेव्हा आधी वरचे सूर जातात; आम्ही आमच्यातून गेलेलं सगळं त्या अल्बममध्ये भरत होतो आणि त्याला शैली म्हणत होतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण तितकंसं माहीत नव्हतं असंही नाही.

कारखान्यात वर्षातून एकदा तपासणीची गाडी येते. रक्त, डोळे, छाती आणि कान. कानासाठी गाडीत एक छोटी बंद केबिन असते, तिला काचेची खिडकी. कामगारानं आत बसून कानावर हेडफोन लावायचे, आत बारीक शिट्टी वाजली की हातातलं बटण दाबायचं. बाहेर एक जण यंत्र घेऊन बसतो. तो शिट्टी सोडतो तेव्हा यंत्रावर छोटा हिरवा दिवा लागतो. त्याच्या मागं यादी घेऊन उभं राहायचं आणि नावं पुकारायची, हे काम लॅबवाल्यांचं, म्हणजे माझं.

अल्बम गाजत होता त्या वर्षी ड्रमर आदल्या दिवशी माझ्याकडं लॅबमध्ये आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मले त्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, भो," तो म्हणाला. "मागच्या साली अंदाजानं दाबलं. औंदा नवीन डॉक्टर हाये. नापास झालो तं पॅकिंगले टाकतील."

पॅकिंग म्हणजे पलीकडच्या शेडमध्ये बसून खोक्यांना पट्ट्या लावणं. पगार तोच, पण हॉलवाले त्याला आजारी माणसांचं खातं म्हणत.

"पॅकिंगचं जाऊ दे," तो पुढं म्हणाला. "कानात नापास झालेला ड्रमर! वापीवरून पोरं पाया पडाले येतात आपल्या. सगळे थुंकतील तोंडावर."

उत्तर त्याच्याकडं तयारच होतं, माझ्याकडंही. तो आत बसेल, मी बाहेर उभा राहीन, हिरवा दिवा लागला की माझी मान खाली. आम्ही त्यासाठी सरावसुद्धा केला नाही. सरावाची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं केबिनमध्ये जे वाजवलं ते आमच्या अल्बममधल्या कुठल्याही गाण्यापेक्षा सरस होतं. एक बटण चुकलं नाही. माझी मान आणि त्याचा अंगठा यांच्यात केसाचं अंतर नव्हतं. निकाल पाहून नवा डॉक्टर चकित झाला. एवढी वर्षं हॉलमध्ये असून असे कान, बाकीच्यांनी यांच्याकडून शिकावं, बोळे नियमानं घालत असणार, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. मी यादीत तोंड लपवून हसलो. त्या रविवारी ड्रमरच्या बायकोनं शेवभाजी केली, आम्ही चौघांनी ती हाणली आणि मी डॉक्टरची नक्कल करून दाखवली. साहेब तेवढा हसला नाही. तो म्हणाला की हे काही बरोबर झालं नाही. आम्ही त्याला म्हटलं, साहेब, तुम्ही पुन्हा उशिरा आलात.

ड्रमर हॉलमध्ये राहिला. दुसऱ्या अल्बमची बोलणी सुरू झाली.

पुढच्या वर्षी, तपासणीच्या दोन आठवडे आधी, मी त्याच्या खोलीवर गेलो होतो. त्याची मुलगी पहिलीत. तिचा आवाज बारीक, सहा वर्षांच्या पोरीचा असतो तसा. बाप खाटेवर बसून टीव्ही बघत होता आणि ती त्याच्या पाठीशी उभी राहून शाळेत शिकवलेली कविता म्हणून दाखवत होती. पूर्ण म्हणाली. मग म्हणाली, पप्पा, आवडली का? पुन्हा म्हणाली. मग ती माझ्याकडं बघून थोडं हसली, आपलीच काही चूक झाल्यासारखं, आणि आत आईकडं निघून गेली. मोठ्या माणसांचं जाड आवाजातलं बोलणं त्याला अजून ऐकू जायचं, ओठ बघून तो उरलेलं जुळवायचा, म्हणून मला इतके दिवस त्याचं सगळं नीट वाटत होतं.

ती गेल्यावर तो माझ्याकडं वळला. "पोरगी रुसली माह्यावर," तो म्हणाला. "दोन-चार महिन्यांपासून बोलतच नाही. मी काय केलं तिचं, समजत नाही."

मी त्याला जवळ जाऊन, मोठ्यानं, शब्द तोडून सांगितलं की ती बोलते, तुला ऐकू येत नाही, हॉल सोड, कान दाखव. त्याला राग आला. तो उठला, कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

"डॉक्टरनं लिहून देलं हाये," तो म्हणाला. "कारखान्यात एक नंबर कान. तू डॉक्टर हाये का?"

तो कागद मी माझ्या मानेनं लिहिला होता, आणि त्याला ते माहीत होतं. तरी वर्षभरात तो त्यावर खरोखर विश्वास ठेवू लागला होता. अल्बमवर लोकांनी ठेवला तसाच.

मला काय करायला हवं होतं ते शहाण्या माणसाला सांगायला नको. डॉक्टरकडं जाऊन मागच्या वर्षीचा प्रकार कबूल करायचा. मी दोन आठवडे रोज उद्या जाऊ म्हटलं. लॅब, एसी, बंद होणारं दार, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं येत राहिलं. मी भित्रा आहे, आणि हे आमच्यावरच्या कुठल्याही लेखात आलेलं नाही.

गाडी आली. दुपारच्या पाळीचे लोक गाडीपासून गेटपर्यंत रांगेत उभे होते. मी यादी घेऊन माझ्या जागी उभा राहिलो. ड्रमर आत गेला, जाताना मला भुवई उडवून गेला, हेडफोन लावले, अंगठा बटणावर ठेवला आणि काचेतून माझ्याकडं बघू लागला. मन लावून बघत होता, गाण्याच्या आधी बघायचा तसा.

हिरवा दिवा लागला. मी मान हलवली नाही.

दिवा विझला, पुन्हा लागला. त्यानं डोळे बारीक केले. त्याला वाटलं अजून शिट्टी आलेली नाही. तो थांबला. मी यादीकडं बघायला हवं होतं, पण माझ्यानं नजर काढवेना. दिवा लागत राहिला, विझत राहिला, आणि तो अंगठा तयार ठेवून माझ्या मानेची वाट पाहत राहिला. मध्ये केव्हातरी त्याला कळलं की शिट्ट्या येऊन जाताहेत. तरीही त्यानं नजर हलवली नाही आणि एकदाही बटण दाबलं नाही. अंदाजानं दाबता आलं असतं त्याला. का दाबलं नाही, मला माहीत नाही.

दुसरा कान तपासून झाल्यावर डॉक्टरनं मागच्या वर्षीचा कागद या वर्षीच्या शेजारी ठेवला, मागच्या वेळी यंत्र बिघडलं असणार म्हणाला आणि तिथंच पॅकिंग असं लिहून सही केली. ड्रमर गाडीच्या पायऱ्या उतरून माझ्यासमोर येऊन थांबला.

"चुकला तू," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चुकला, भो."

मी चुकलो नाही, मी मुद्दाम थांबलो, आणि मागच्या वर्षीच थांबायला हवं होतं, हे मला त्याला सांगायचं होतं. पण त्याला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं सांगितलं असतं तर ते डॉक्टरनं ऐकलं असतं आणि गेटपर्यंतच्या सगळ्या रांगेनं ऐकलं असतं. मी यादीतलं पुढचं नाव पुकारलं.